डावी खुर्ची

कलबुर्गी
११ ऑगस्ट २०२३

चन्नवीर अण्णा,

फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, म्हणून लिहायलेय. मागच्या रविवारी आपण चाळीस मिनिटं बोललो. त्यातली पस्तीस तू बोललास आणि शेवटी मी 'बघते' म्हणून फोन ठेवला. 'बघते' म्हणजे 'व्हय' न्हाई, एवढं आधी सांगते.

तू जूनमध्ये कंपनी सोडून दुबईला गेलास, तेव्हापासून आणखी नऊ वैमानिक गेले. राहिलेल्यांनी उडायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला फोन येतो, 'मॅडम, एक फेरी मारता का?' मुडबीला घरी गेले तरी बॅग उघडत न्हाई. परवा आईनं माझ्यासाठी गव्हाच्या खिरीची हुग्गी शिजत ठेवली होती, ती तशीच चुलीवर सोडून निघाले.

तू पाठवलेली जाहिरात वाचली. तुमच्याकडं मोठं जेट विमान, पण बसायचं उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून. अर्जाची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. इथं माझी कॅप्टनची परीक्षा ऑक्टोबरात धरलीय. तीनदा पुढं ढकलली, पण आता ढकलणार न्हाईत, कॅप्टनच उरले न्हाईत. पास झाले तर डावी खुर्ची. विमान सत्तर जणांचं, पंख्याचं. पण त्यातला शेवटचा शब्द माझा.

बाबांना विचारलं. त्यांना वाटायलंय दुबई म्हणजे बदली. म्हणाले, 'लाईनमन होतो तवा मला औरादला टाकलं, गेलो न्हाई का मी?'

तू मला तिथल्या घराचं आणि पोहायच्या तलावाचं सांगू नकोस. उडायचं सांग. उड्डाणशाळेत बसवकल्याण तालुक्यातले आपण दोघंच होतो, आपलं इंग्रजी ऐकून सर कपाळाला हात लावायचे. त्या दिवसापासून विमानाबद्दल तू माझ्याशी कधी खोटं बोलला न्हाईस. आता बी बोलू नकोस.

जय भीम.
रूपाली


दुबई
२७ ऑगस्ट २०२३

रूपाली,

ई-मेलवर गाव आणि तारीख घालणारी तू एकटीच असशील. तुझं बघून मी बी घातलं.

विमानाचं विचारलीस ना, मग ऐक. साडेतीनशे माणसं बसतात. इंजिनाच्या तोंडात आमच्या राजेश्वर गावातला टेम्पो उभा राहील. एका दमात चौदा तास जातंय. रोस्टर महिनाभर आधी येतं आणि आलं की बदलत न्हाई. सुट्टीला फोन वाजत न्हाई, पहिल्या आठवड्यात मला वाटलं फोनच बिघडलाय. सहा वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर झोपायलोय. नागरत्ना आणि दानेश्वरी ऑक्टोबरात येतील. पोरीसाठी शाळा बघून ठेवलीय.

तू म्हणशील, डावी खुर्ची. इथं ती मिळायला आठ-दहा वर्षं लागतील, खरं हाय. पण तिकडं ती मिळवून करणार काय? कलबुर्गी-बेंगळूरू, बेंगळूरू-कलबुर्गी. आणि सुट्टीला सहा वाजता फोन.

राग येऊ दे, पण सांगतो. तू भ्यायलीस. मुडबीहून इथवर आलीस, आता आणखी वर जायला छाती होईना. म्हणून परीक्षेचं निमित्त पुढं करायलीस. फॉर्म भर.

आमचे अप्पा बरे हायत. डोळ्यानं कमी दिसायलंय, तरी आडतीवर बसतात आणि तूर हातात घेऊन भाव सांगतात. थंडीत बेंगळूरूला ऑपरेशन करायचं ठरलंय.

शरणु.
चन्नवीर


कलबुर्गी
२२ ऑक्टोबर २०२३

चन्नवीर अण्णा,

भ्यायलीस म्हणालास, त्याचा राग चार दिवस होता. पाचव्या दिवशी फॉर्म भरला. तुझ्यासाठी न्हाई. मी खरंच भ्यायलेय का, ते मला बघायचं होतं. एका बैठकीत भरला. मुलाखतीचं बोलावणं बी आलंय, डिसेंबरात, घरबसल्या संगणकावर.

आणि परीक्षा पास झाले. १५ तारखेला डाव्या खुर्चीत पहिलं उड्डाण केलं.

शेजारी सहवैमानिक म्हणून अंकुशराव होते. तू त्यांना बघितलेलं न्हाईस, तू गेल्यावर आले. चोपन्न वर्षांचे, उदगीरकडचे, सैन्यात वीस वर्षं हेलिकॉप्टर उडवलेले. निवृत्त झाल्यावर पुन्हा परीक्षा देऊन या विमानावर आले. मी लहानपणी सायकल शिकत होते तेव्हा हा माणूस डोंगरात हेलिकॉप्टर उतरवत होता. आणि १५ तारखेला तो माझ्याआधी येऊन उभा, 'कॅप्टन, काय सूचना?' मी म्हणाले, काका, रूपाली म्हणा. तर म्हणाले, 'जमिनीवर म्हणेन. वर न्हाई.'

बेंगळूरूला आडवा वारा होता. उतरवलं. मागं कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत, नुसता बॅगा काढायचा आवाज आला. मग समदे उतरून गेल्यावर मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. अण्णा, ती दोन मिनिटं मला काय वाटलं ते लिहिता येईना.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रोस्टर हाय, शाळा हाय, झोप हाय. विमान तुझ्या हाताला कसं लागतं, त्याची एक ओळ न्हाई. पुढच्या वेळी लिही.

जय भीम.
रूपाली


दुबई
९ नोव्हेंबर २०२३

रूपाली,

कॅप्टन मॅडम, अभिनंदन. नागरत्नाला फोन करून सांगितलं, तिनं राजेश्वरला घरोघरी पेढे वाटले म्हणे. अंकुशरावांना माझा नमस्कार सांग.

आता तर ये. लॉगबुकात कॅप्टनचे तास पडले की इथं मान वाढतो. मुलाखतीत तेच पुढं कर.

नागरत्नाचे कागद जरा लांबायलेत. बाकी इथं समदं ठीक हाय. सिम्युलेटरला जायचंय, म्हणून थोडक्यात लिहिलं.

शरणु.
चन्नवीर


मुडबी
१४ जानेवारी २०२४

चन्नवीर अण्णा,

घरी हाय. आठ दिवस झाले. मला रोस्टरवरून काढलंय. तुला दुसरीकडून कळायच्या आधी मीच सांगते.

४ तारखेची सकाळची बेंगळूरू-कलबुर्गी. कलबुर्गीला धुकं होतं, किती लांबचं दिसतं त्याचा आकडा अगदी काठावर. उड्डाणं ठरवणाऱ्या ऑपरेशन विभागाच्या साहेबांचा फोन आला, 'निघा, पोचेपर्यंत उघडेल.' विमानात एक पुढारी होते, अकरा वाजता त्यांचा सत्कार होता. मी निघाले. पण हैदराबादला जाऊन वर तासभर थांबता येईल एवढं इंधन घेतलं. त्यापायी मालाच्या काही पेट्या खाली ठेवाव्या लागल्या. साहेबांना तिथंच राग आला.

ठरलेल्या उंचीपर्यंत खाली आले. त्या उंचीला धावपट्टी दिसली पाहिजे, न्हाईतर वर जायचं, हे तुला काय सांगायचं. दिसलं ते नुसतं पांढरं. अंकुशराव म्हणाले, 'काही न्हाई.' मी वर घेतलं. वीस मिनिटं घिरट्या घातल्या. आकडा तिथंच. मग साहेबांचा निरोप आला, आणखी एकदा बघा. मी हैदराबादला वळवलं. अडीच तासांनी धुकं उठल्यावर समद्यांना कलबुर्गीला आणून सोडलं.

दोन दिवसांनी नोटीस आली. इंधन असताना दुसरा प्रयत्न का केला न्हाई, कंपनीची बदनामी का केली, याचा खुलासा द्या. मी चार ओळींत दिला. धावपट्टी दिसली न्हाई. वीस मिनिटं थांबून फरक पडला न्हाई. म्हणून जिथं दिसत होती तिथं उतरले. उद्या असंच झालं तर असंच करीन. अंकुशरावांनी न मागता आपला जबाब जोडला.

घाबरू नकोस. मी बरी हाय. बाबा रोज सकाळी विचारतात, 'आज बी सुट्टी?' मी व्हय म्हणते. शेतात तुरीची रास चाललीय, तिथं जाऊन बसते. एक सांगू का, त्या वीस मिनिटांत मला एकदा बी काय करावं असा प्रश्न पडला न्हाई. कोणी कागदावर काही लिहू दे, ते माझ्याकडून काढून घेता येणार न्हाई.

डिसेंबरची मुलाखत चांगली झाली होती. फेब्रुवारीत सिम्युलेटरच्या चाचणीला तुमच्याकडं बोलावलंय. येईन.

आणि तू नोव्हेंबरात सिम्युलेटरला कामून गेलतास? तुझी परीक्षा तर एप्रिलात असती.

जय भीम.
रूपाली


दुबई
२५ जानेवारी २०२४

रूपाली,

दुसरीकडून कळायच्या आधी मीच सांगते म्हणालीस, पण अर्धंच सांगितलीस. राहिलेलं मला अप्पांनी सांगितलं. त्या विमानात आमचे अप्पा होते. डोळ्याचं ऑपरेशन करून चुलतभाऊ संगमेश्वर त्यांना घेऊन येत होता. तू त्यांना ओळखलं असणार. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला म्हातारा चौथ्या रांगेत बसलाय आणि तुला कळलं न्हाई, हे मी मानत न्हाई.

अप्पांनी सांगितलं ते असं. हैदराबादला उतरल्यावर गोंधळ सुरू झाला. पुढारी उभे राहून ओरडायलेत, हवाईसुंदरी रडवेली. तेवढ्यात तू दार उघडून बाहेर आलीस आणि समद्यांसमोर उभी राहिलीस. तुझं नाव सांगितलंस, मीच कॅप्टन म्हणालीस. पुढारी म्हणाले, दोनदा तरी बघायचं होतं. तू काय बोललीस ते अप्पांना पाठ झालंय. मला फोनवर त्यांनी तीन वेळा ऐकवलं. 'तुमचा कार्यक्रम चुकला, त्याची मी माफी मागते. उतरले न्हाई, त्याची मागणार न्हाई.'

मग अप्पा उठले. म्हणाले, 'कूड्री, बसा समदे. मला एका डोळ्यानं कळायलंय, तुम्हाला दोन असून कळंना?' माणसं खाली बसली.

रूपाली, दहा वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस, तेव्हा अप्पा तुझ्याशी अंगणात उभ्यानं बोलले. आत ये, बस, असं म्हणाले न्हाईत. तू बी काही बोलली न्हाईस, मी बी न्हाई. आमच्या घरात रोज शरणांची वचनं म्हणतात, माणसामाणसांत भेद न्हाई म्हणून, आणि मी त्या दिवशी गप्प बसलो. हे आज लिहायलोय, कारण अप्पांनीच फोनवर तो दिवस काढला. आणि लगेच फोन संगमेश्वरच्या हातात दिला.

आता माझं. तू विचारलीस म्हणून. नव्वद दिवसांत तीन वेळा आपल्या हातानं उतरवावं लागतं, न्हाईतर उडता येत न्हाई. लांबच्या पल्ल्याला चार-चार वैमानिक असतात, उतरवायला एकालाच मिळतं. माझ्या वाट्याला दोनच आली, म्हणून नोव्हेंबरात सिम्युलेटरमध्ये जाऊन आकडा भरला. आठ महिन्यांत खरंखुरं विमान मी सहा वेळा उतरवलंय. हे तुला लिहायची लाज वाटली.

आणि तुला भित्री म्हणालो, ते खोटं होतं. मला इथं एकट्याला करमत नव्हतं, म्हणून तुला ओढायलो होतो. नागरत्ना आता आलीय, बरं वाटायलंय. पण आलो याचा मला पस्तावा न्हाई, हे बी खरं. घरी असतो तेव्हा मी घरीच असतो. दानेश्वरीला मी रोज शाळेत सोडतो. तिकडं तिच्या दोन वाढदिवसांना मी नव्हतो.

चाचणीला ये. आमच्याकडंच उतर. पुढचं तुझं तू ठरव, मी आता ढकलणार न्हाई.

शरणु.
चन्नवीर


कलबुर्गी
१० मार्च २०२४

चन्नवीर अण्णा,

नागरत्ना वहिनीला सांग, तिच्या हातची कडक भाकरी आणि भरल्या वांग्यांची एणगाई खाऊन तुमच्या दुबईबद्दल माझं मत बरंच सुधारलं. चाचणी झाल्यावर तू मला तुमचं विमान बाहेरून दाखवलंस. खरंच टेम्पो उभा राहील. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

त्यांचं नेमणूकपत्र मागच्या आठवड्यात आलं. कॅप्टनला नियमानं वर्षभराची नोटीस द्यावी लागते, तेवढं थांबायला बी तयार हायत.

तिकडून आल्यावर कंपनीनं मला पुन्हा रोस्टरवर घेतलं, वैमानिकच न्हाईत तर काय करतील. मग मीच साहेबांची वेळ मागून गेले. म्हणाले, नोटीस लेखी मागं घ्या. साहेब हसले. म्हणाले, 'राहू दे फायलीत, कोण वाचतंय.' मी म्हणाले, कुणी वाचत न्हाई तर काढून टाका. त्यावर म्हणाले, समद्यांना दुबईला जायचं असतं, तुम्हाला बी निमित्तच पाहिजे होतं. मी पर्समधून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. त्यांना वाटलं, ते म्हणाले तेच खरं झालं.

ते खरं झालं न्हाई, अण्णा. तुमच्या कंपनीला मी काल नकार कळवला.

हैदराबादला एक कंपनी हाय, आपल्यासारखीच पंख्याची विमानं उडवणारी. त्यांना कॅप्टन पाहिजेत. मी माझी नोटीस आणि चार ओळींचा खुलासा अर्जाला जोडूनच पाठवला. त्यांचे मुख्य वैमानिक म्हणजे एक बाई हायत, रेणुका मॅडम. त्यांनी तेवढा एकच प्रश्न विचारला. 'वीस मिनिटं थांबलीस, इंधन होतं. दुसऱ्यांदा खाली का गेली न्हाईस?'

मी म्हणाले, 'वीस मिनिटांत खाली काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते एवढंच, की साहेबांचा निरोप आला होता.'

त्यांनी कागद मिटला आणि कधी येतेस विचारलं. पगार तुमच्याकडच्या जवळपास बी न्हाई. पण तिथं कॅप्टनला ऑपरेशनचा माणूस थेट निरोप देऊ शकत न्हाई, हे त्यांच्या नियमात लिहिलेलं हाय. मी ते पान वाचायला मागितलं, त्यांनी दिलं.

इतके महिने आपण दोघं जायचं की राहायचं म्हणून भांडलो. मला ही कंपनी सोडायची होती. खुर्ची सोडायची नव्हती. हे दोन वेगळे प्रश्न हायत, हे मला तुमच्या विमानाखाली उभी असताना कळलं.

आणखी एक. तुझे अप्पा मुडबीला आले होते. डोळा आता बरा हाय. बाबांनी अंगणात खुर्ची मांडली, तर म्हणाले, 'नरसिंगराव, आत बसू.' आत बसले. आईच्या हातचा चहा घेतला, दोन वेळा. बाबा आणि ते तासभर तुरीवरच बोलले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं.

जय भीम.
रूपाली


दुबई
२ एप्रिल २०२४

रूपाली,

तुझं पत्र मी घरात वाचून दाखवलं. नागरत्ना म्हणाली, 'तिनं तुम्हाला न्हाई, तुमच्या कंपनीला नकार दिलाय.' बरोबर हाय. तरी वाईट वाटलं, ते वाटलंच.

मग मी एक काम केलं. इथं जवळच्या पल्ल्याची लहान जेटं हायत. दिवसात दोन-चार फेऱ्या, मस्कत, कराची, हैदराबाद. मोठ्या विमानावरून कुणी तिकडं मागून जात न्हाई. मी अर्ज दिला. इथले मित्र विचारायलेत, तुला काय शिक्षा झाली का? मी सांगितलं, मला उतरवायचंय. झोप तेवढीच राहील, दानेश्वरीची शाळा बी राहील. हात मात्र रोज कामाला लागतील. तिथं कॅप्टन बी लवकर होतात, पण ते मी अजून कुणाला सांगितलं न्हाई, तुलाच सांगायलोय.

वर्षभर त्याच साहेबांसाठी उडायचंय तुला. जमेल का?

शरणु.
चन्नवीर


हैदराबाद
२० एप्रिल २०२५

चन्नवीर अण्णा,

जमलं. वर्षभरात एक फेरी चुकवली न्हाई. आणखी दोनदा धुक्यात वळवलं, पण नोटीस आली न्हाई. शेवटच्या दिवशी साहेब स्वतः विमानापर्यंत आले आणि नव्या कॅप्टनांना चार दिवस शिकवून जाल का म्हणून विचारलं. मी शिकवलं. त्यात अंकुशराव बी होते, छपन्नाव्या वर्षी कॅप्टन झाले. शिकवताना वर बी मी त्यांना काकाच म्हणाले.

तुझ्या डाव्या खुर्चीची तारीख लागली, हे वहिनीनं परस्पर कळवलं. तू कळवायच्या आधी मी अभिनंदन करून टाकते.

इथं येऊन मला महिना झाला. काल बेंगळूरू-बीदर होती. आई प्रेमानंदकडं, म्हणजे माझ्या भावाकडं, नातू बघायला बेंगळूरूला गेली होती. तिला मीच घेऊन आले. विमानात ती कधी बसलेली न्हाई. खिडकीजवळची जागा दिली, पट्टा बांधून दिला, कान दुखले तर काय करायचं ते सांगितलं. ती म्हणाली, 'तू जा आपल्या कामाला.'

वाटेत ढग होते, थोडं हललं. बीदरला उतरताना वारा बी होता. समदे उतरून गेले आणि मी मागं आले, तर आई खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपलेली. बेंगळूरूहून निघाल्यापासून झोपली होती, म्हणे. मी खांद्याला हात लावला.

तिनं डोळे उघडले, बाहेर बघितलं आणि विचारलं, 'आलं का?'

मी म्हणाले, 'आलं. चल.'

जय भीम.
रूपाली